पाळी जाण्याआधीचं एक वर्ष : डब्यांच्या वहीतल्या नोंदी

सांगलीत मी घरूनच पोळी-भाजीचे डबे देते. रोजचे ६२ डबे, म्हणजे २४८ पोळ्या. मदतीला दोन मावशी येतात. वय ४६. या नोंदी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवरच्या आहेत. उतरवून काढताना वाक्यं थोडी नीट केली, आकडे आणि चुका तशाच ठेवल्या. मला कुणी आधी असं काही वाचायला दिलं असतं तर निदान चार महिने आणि सात हजार रुपये वाचले असते, म्हणून सगळं मोकळेपणानं लिहिते आहे. औषधं मात्र माझ्या तपासण्या बघून ठरलेली आहेत, ती जशीच्या तशी कुणी उचलू नयेत.

१२ सप्टेंबर २०२४

पहाटे सव्वापाचला तवा ठेवला आणि दहा-बारा पोळ्या होतात न होतात तोच छातीतून कढ वर आला. मान, कान, डोकं, सगळं भाजल्यासारखं. लाटणं ठेवून मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. चार-पाच मिनिटांत उतरलं आणि मग अंगावर काटा येऊन थंडी वाजली. पंधरा दिवस रोज हेच चाललंय. मावशी म्हणाल्या, "पित्त असंल ताई, कोकम प्या." आठ दिवस कोकम प्याले. गॅसपाशी उभी असते म्हणून होतंय असं मीही धरून चालले होते. पण काल रात्री पंख्याखाली झोपले असताना तेच झालं, गाऊन पाठीला चिकटला. तिथे गॅस नव्हता.

२८ सप्टेंबर

छातीत धडधड वाढली म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. ईसीजी बरा आला. पित्ताच्या गोळ्या दिल्या. तपासणी आणि ईसीजी मिळून ६५० रुपये. पाळीबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ही माझी पहिली चूक. गेल्या सहा महिन्यांत पाळी कधी १९ दिवसांनी तर कधी ५५ दिवसांनी आली होती. हे मला माहीत होतं, पण धडधडीचा त्याच्याशी काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही.

९ ऑक्टोबर

मुलीनं मोबाईलवर वाचून सांगितलं, "आई, हे पाळी जायच्या आधीचं असणार." मग एकाच दिवशी सगळं सुरू केलं: ऑनलाइन मागवलेल्या जडीबुटीच्या कॅप्सुला (दोन महिन्यांच्या २,४०० रुपये), सोयाबीनचं पीठ कणकेत, चहा बंद, अश्वगंधा, सकाळी चालणं. त्यात नवरात्राचे उपवास.

सासूबाईंना विचारलं, तुमच्या वेळी काय झालं होतं? म्हणाल्या, "माझा विटाळ गेला तेव्हा तू नवीन लग्न होऊन आली होतीस. रात्री उठून मी ओट्यावर जाऊन बसायची. कुणाला सांगायचं?" सतरा-अठरा वर्षं एका घरात राहून हे मला आज कळलं. त्यांच्या हातची भाकरी त्या काळात करपायची, म्हणून आम्ही बोलायचो ते आठवलं. फार वाईट वाटलं.

२ नोव्हेंबर, पाडवा

फराळाच्या ऑर्डरी संपल्या आणि मीही संपले. आज नववा दिवस, अंगावरून जायचं थांबत नाही. मोठ्या गाठी पडतायत. तासाला एक पॅड. चकल्या तळताना डोळ्यांपुढे अंधार आला, झारा हातात तसाच धरून खाली बसले. मावशींनी गॅस बंद केला. कढईवर तोल गेला असता तर काय झालं असतं, हा विचार दिवसभर जात नाही.

आजपासून वहीत पाच रकाने आखले: तारीख, वाफा (तो अंगातून वर येणारा कढ) किती, झोप किती तास, अंगावरून किती (पॅड मोजून), आणि त्या दिवशी नवीन काय केलं. डब्यांचा हिशेब मी एक दिवस चुकवत नाही, मग हाही चुकणार नाही.

१८ नोव्हेंबर

बाईंच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एफएसएच नावाची हार्मोनची तपासणी करायला सांगितली. ६५० रुपये, आणि फी ५००. रिपोर्ट नॉर्मल आला. "तुमची पाळी जायची वेळ अजून आलेली नाही, ताण कमी घ्या," असं सांगून घरी पाठवलं.

मी खूश होऊन घरी आले आणि महिनाभर गप्प बसले. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडून कळलं ते इथेच लिहिते. या काळात हे हार्मोन आज वर तर पुढच्या आठवड्यात खाली असं हेलकावत असतं. एका दिवसाच्या आकड्यावरून हो किंवा नाही ठरत नाही. पंचेचाळिशीनंतर लक्षणं आणि पाळीच्या तारखा हाच खरा पुरावा. म्हणजे माझी वही त्या रिपोर्टपेक्षा जास्त सांगत होती, आणि ती मी दाखवलीच नव्हती.

६ डिसेंबर

कॅप्सुला संपायला आल्या. वाफा रोज ९-१०, जशा होत्या तशाच. मधले आठ दिवस ५-६ वर आल्या होत्या. पण तो गुण कॅप्सुलांचा, चहा सोडल्याचा, की थंडी पडली त्याचा? पाच गोष्टी एकदम बदलल्यामुळे काहीच सांगता येत नाही. नवीन भाजी करताना मी एका वेळी एकच मसाला बदलून बघते. इथे ते विसरले. आता ठरवलं: तीन आठवड्यांत एकच बदल.

चहा सोडल्यानं डोकं मात्र रोज दुखत होतं. सकाळचा एक कप पुन्हा सुरू केला, दुपारी चारनंतर बंद. कॅप्सुला पुन्हा मागवल्या नाहीत. त्या बाटलीवर कशात काय आणि किती घातलंय तेही धड लिहिलेलं नव्हतं.

२० डिसेंबर

पुन्हा अकरा दिवस अंगावरून गेलं. सोनोग्राफी केली, १,२०० रुपये. गर्भपिशवीच्या भिंतीत दोन सेंटिमीटरची गाठ आणि आतलं अस्तर जाड, १३ मिलिमीटर. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, "मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. अंडाशयही काढू, पुढे कॅन्सरची भीती नको." ५५,००० रुपये खर्च, जानेवारीची ८ तारीख. मी हो म्हणाले, ५,००० आगाऊ भरले. रक्त तपासलं नाही, अस्तराचा तुकडा तपासला नाही, गोळीनं थांबतंय का ते बघितलं नाही. हे मला तेव्हा कळलं नाही. दमलेल्या माणसाला कुणी "कटकट मिटेल" म्हटलं की ते खरंच वाटतं.

२९ डिसेंबर

माझ्या नणंदेची पिशवी आणि दोन्ही अंडाशयं ४२ व्या वर्षी काढली होती. आज फोनवर तासभर बोलली. ऑपरेशननंतर चौथ्या दिवसापासून वाफा सुरू झाल्या, सगळं एका झटक्यात. हळूहळू बंद होणारं दुकान एका रात्रीत बंद केल्यासारखं. "मला कुणी आधी सांगितलं नाही गं," म्हणाली. आता ५१ ची आहे, हाडांची तपासणी केली तर ठिसूळ निघाली.

आमच्या भागात दर हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बऱ्याच बीडच्या. २०१९ साली तिथल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. सरकारी समितीनं पाहणी केलेल्या ८२ हजारांवर बायकांत १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा मी पेपर वाचून हळहळले होते. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा एक प्रश्नही न विचारता तारीख घेऊन आले. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी हे ऑपरेशन वरदान आहे, यात शंका नाही. पण गरज आहे का, हे आधी बघायला हवं ना?

ह्यांना सांगितलं, तारीख रद्द करा. दोन हजार कापून तीन हजार परत मिळाले.

६ जानेवारी २०२५

मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांकडे. या वेळी वही नेली. त्यांनी पानं उलटून दहा मिनिटं नीट वाचली. पहिला प्रश्न वाफांचा नव्हता: "जिना चढताना धाप लागते?" मी म्हटलं, हो. पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली.

रक्ततपासण्या १,८५० रुपये. हिमोग्लोबिन ८.६. शरीरातल्या लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन फक्त ५. थायरॉइड बरा, साखर बरी. धडधड, धाप, अंधारी, केस गळणं, यातलं बरंचसं रक्त कमी झाल्यामुळे होतं. मी चार महिने वाफांच्या मागे लागले आणि खरं नुकसान दर महिन्याला पॅडमधून चाललं होतं.

१६ जानेवारी

अस्तराचा तुकडा घेतला. भूल न देता, बारीक नळीनं. दोन-तीन मिनिटं पाळीच्या कळेसारखं जोरात दुखलं, आणि घरी जाताना रिक्षातून गेले. लॅबसकट ४,२०० रुपये. रिपोर्टची वाट बघतानाचे सात दिवस फार वाईट गेले. दोनदा मीठ घालायला विसरले, डब्यांच्या तक्रारी आल्या.

रिपोर्ट साधा आला. कॅन्सर नाही, त्याच्या आधीचे बदलही नाहीत. त्या गाठीबद्दल डॉक्टर म्हणाल्या, भिंतीत आहे, लहान आहे, आतल्या पोकळीत घुसलेली नाही. पाळी गेल्यावर अशा गाठी बहुतेक वेळा आपोआप आक्रसतात.

ठरलं ते असं: जास्त जातं त्या तीन-चार दिवसांपुरत्या रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, आणि पुढच्या महिन्यात हार्मोनची तांबी. तिच्यात तांबं नसतं. पिशवीतच थोडंथोडं हार्मोन सोडते, त्यानं अस्तर पातळ राहतं. पण आपल्याकडे आत बसवायच्या सगळ्याच वस्तूंना तांबी म्हणतात.

१२ फेब्रुवारी

तांबी बसवली. वस्तू आणि बसवणं मिळून ११,५०० रुपये. दोन दिवस कंबर दुखली, पोळ्या मावशींनीच केल्या.

२८ फेब्रुवारी

सहा आठवडे लोहाची गोळी न चुकता घेतली आणि हिमोग्लोबिन ९.०. रडूच आलं.

डॉक्टरांनी विचारलं, गोळी कधी घेता? पहाटे पाचला, पहिल्या चहाबरोबर, म्हणजे विसरायला होत नाही. हीच चूक. चहा लोह अंगी लागू देत नाही. आता गोळी सकाळी अकराला, डबे गेल्यावर, लिंबूपाण्याबरोबर. मागेपुढे दोन तास चहा नाही, दूध नाही, कॅल्शियमची गोळी नाही. आणि रोजऐवजी एक दिवसाआड, त्यानं शोषण चांगलं होतं आणि पोटही कमी बिघडतं. हे चिठ्ठीवर कुणी लिहून देत नाही. ज्यांची गोळी चहाबरोबर चालली असेल त्यांनी आजच वेळ बदलावी, एवढं कळकळीनं सांगते.

३० मार्च, गुढीपाडवा

रोज थोडंथोडं डाग पडणं चालूच आहे. आता दीड महिना झाला. सण, पूजा, आणि सारखी धाकधूक. तांबी काढून टाका, असं सांगायला फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, पहिले तीन ते सहा महिने असं होऊ शकतं, हे मी तुम्हाला बसवताना सांगितलं होतं. सांगितलं होतंच. कळ येत असताना ऐकलेलं माझ्या लक्षात राहिलं नाही. वही काढून पॅड मोजले: जानेवारीत एका पाळीत ३८, मार्चच्या अख्ख्या महिन्यात ९ छोटे. आकडा बघितल्यावर धीर आला. ठेवली.

२२ एप्रिल

सांगलीचा उन्हाळा. बाहेर चाळीस अंश, स्वयंपाकघरात त्याहून जास्त. वाफा १२ वर गेल्या. रक्त वाढतंय तशी धडधड कमी झाली, जिना चढता येतो, पण वाफा आपल्या जागी. म्हणजे हे दोन वेगळे आजार होते, मी एकच समजत होते.

स्वयंपाकघरात बदल केले. शेगडी खिडकीखाली सरकवली आणि बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला, ३,२०० रुपये. आधी टेबलफॅन लावून बघितला होता, ज्योत विझायला लागली आणि पोळ्या वाळल्या, दोन दिवसांत काढला. कणीक रात्रीच मळून फ्रीजमध्ये. लाटायचं काम मी पंख्याकडच्या बाजूला, भाजायचं मावशी, आणि दर अर्ध्या तासाला अदलाबदल. नायलॉनचे गाऊन काढून टाकले, सगळे सुती. रात्री जाड चादरीऐवजी दोन पातळ, एक फेकता येते. उशाशी कोरडा गाऊन. दिवसाच्या वाफा १२ वरून ७-८. रात्री तीनदा उठणं तसंच.

१२ मे

हिमोग्लोबिन ११.२. आता वाफांचं बघू, असं डॉक्टर म्हणाल्या. रात्री चार तासांच्या वर झोप नाही. परवा मावशींना एका करपलेल्या पोळीवरून नको ते बोलले, त्या डोळे पुसत घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली आणि मला काय होतंय ते सांगितलं. त्या ४९ च्या आहेत. म्हणाल्या, "मला पण होतंय ताई, मी तर उन्हाचं म्हणून सोडून देते."

हार्मोनची भीती मलाही होती. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर सगळीकडे हार्मोनच्या गोळ्यांची धास्ती बसली, ती अजून गेलेली नाही. डॉक्टरांनी समजावलं, त्यातल्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्टच्या आसपास होतं आणि गोळ्या तोंडानं घ्यायच्या होत्या. साठीच्या आत, पाळी जाण्याच्या काळात, कातडीवर लावायच्या हार्मोनच्या जेलचा हिशेब वेगळा आहे, रक्ताची गुठळी होण्याचा धोका त्यानं वाढलेला दिसत नाही. धोका शून्य आहे असं मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि तेच मला पटलं. मग त्यांनी विचारलं: घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर? गुठळी? यकृताचं दुखणं? बीपी? मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) केली, १,८०० रुपये, बरी. पिशवी असलेल्या बाईनं नुसतं इस्ट्रोजेन (जेलमधलं हार्मोन) घ्यायचं नसतं, अस्तर वाढतं. माझ्या तांबीतलं हार्मोन ते काम करतं, म्हणून वेगळी गोळी लागली नाही.

जेलची ट्यूब महिन्याला ६५० रुपये.

५ जून

साडेतीन आठवडे झाले आणि फरक जवळजवळ नाही. वाफा ७. परत फसले असं वाटलं.

मग मीच विचार केला. जेल मी पहाटे आंघोळ झाल्यावर दंडाला लावते आणि लगेच कामाला लागते. घाम, कोपरापर्यंत पीठ, आणि दर दहा मिनिटांनी हात धुणं. लावलेलं सगळं मोरीत जात होतं. शिवाय ते लावलेल्या जागेला दुसऱ्याचा अंगस्पर्श व्हायला नको, आणि मी त्याच हातांनी शेजारच्या लहानग्याला उचलून घेत होते. पत्रक पुन्हा वाचलं: कोरड्या कातडीवर, पाच मिनिटं वाळू द्यायचं, निदान तासभर धुवायचं नाही, छातीला लावायचं नाही. आता रात्री झोपताना मांडीला लावते, हात साबणानं धुते, वर सुती परकर.

२८ जून

वाफा ३. सलग साडेपाच तास झोप, गेल्या सप्टेंबरपासून पहिल्यांदा. मुलगी म्हणाली, "आई, तू आज गुणगुणत होतीस."

१९ जुलै

ही नोंद लिहू की नको, असं झालं होतं, पण लिहिते. लघवीला जळजळ वर्षभरात चौथ्यांदा. उन्हाळी लागली समजून धण्याचं पाणी, सब्जा, सगळं केलं. दोनदा दुकानातून सांगून अँटिबायोटिक घेतलं, मिळून १,१०० रुपये. या वेळी डॉक्टरांनी लघवीचं कल्चर केलं, जंतू नाहीत. जागा कोरडी पडून पातळ झालीय, त्याची आग. तेच कारण ह्यांच्याजवळ गेल्यावर दुखण्याचं. ते मी आठ महिने सांगितलं नव्हतं, नुसती टाळत होते, आणि ते समजत होते की मी रागावले आहे. आतून लावायचं वेगळं मलम दिलं, पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. दंडाला किंवा मांडीला लावलेलं जेल तिथे पुरेलच असं नसतं. ह्यांना कुपवाडहून आल्यावर जेवताना सगळं सांगितलं. ताट तसंच ठेवून ऐकत बसले. मग म्हणाले, "आधी सांगायचं नाही का?"

२७ ऑगस्ट, गणेशचतुर्थी

मोदकांच्या ऑर्डरी ४१०, उकडीसमोर सहा तास उभी होते. दिवसभरात वाफा २. हिमोग्लोबिन १२.४, फेरिटिन ३८. डाग पडणं जूनमध्ये थांबलं, पाळी येतच नाही. ती तांबीमुळे की वयामुळे, हे आता सांगता येणार नाही. डॉक्टरांच्या मते त्याची घाईही नाही. पाळी गेली असं म्हणायला एरवी सलग बारा महिने कोरडे जावे लागतात. तोवर गर्भ राहू शकतो, हे आमच्या भिशीतल्या निम्म्या बायकांना माहीत नव्हतं. माझं तांबीनं आपोआप सांभाळलं जातंय.

वाया गेलेले पैसे मोजले: पित्त आणि ईसीजी ६५०, कॅप्सुला २,४००, एफएसएच फीसकट १,१५०, रद्द ऑपरेशनचे २,०००, अँटिबायोटिक १,१००. एकूण ७,३००.

अजून बाकी आहे: उजवा खांदा पोळी लाटताना अडकतो, त्याचे व्यायाम सुरू केलेत, फरक अजून नाही. वजन चार किलो वाढलंय, ते हललेलं नाही. आठवड्यातून तीन दिवस नाचणीची भाकरी, दोन वाट्या दही, आणि पाण्याच्या बाटल्या उचलून व्यायाम, हाडांसाठी. मावशींनाही मिरजेला घेऊन गेले, त्यांचं हिमोग्लोबिन ७.९ निघालं. त्यांच्या गोळ्यांची वेळ अकराची, लिंबूपाणी मीच करून देते.

पुढची रक्ततपासणी फेब्रुवारीत, मॅमोग्राफी मेमध्ये. तांबी बदलायची फेब्रुवारी २०३०, वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवलंय.